गळा आवळायला शिकवण्याआधी सोडायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की पुण्यात कोथरूडपासून वाकडपर्यंत सोसायट्यांच्या फाटकांवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपांवर उन्हाळी शिबिरांची पत्रके झळकू लागतात. कराटे, स्केटिंग, मल्लखांब यांच्या पंगतीत गेल्या काही वर्षांत एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स), पकडींची कुस्ती असलेले जिउ-जित्सू आणि ‘सेल्फ डिफेन्स’ येऊन बसले आहेत. पत्रकावरचा फोटोही ठरलेला: एक मुलगा दुसऱ्याच्या पाठीशी बसून त्याच्या गळ्याभोवती हात आवळतो आहे आणि दोघेही कॅमेऱ्याकडे बघून हसत आहेत. मुदत दहा दिवस, वय सहा वर्षांपासून पुढे. असल्या शिबिरात गळा आवळण्याचे डाव, ज्यांना आता सगळेच चोक म्हणतात, ते शिकवू नयेत, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आम्ही ज्युदो आणि ग्रॅपलिंग, म्हणजे ठोसे-लाथा नसलेली पकडींची झुंज, शिकवतो. चोकशी आमचे वैर नाही. उलट नीट लावला तर अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांतला हा सर्वांत सभ्य डाव म्हणावा लागेल. हात मोडत नाही, गुडघा फिरत नाही, समोरचा हार मानल्याची खूण म्हणून दोनदा थाप मारतो आणि दोघे पुन्हा उभे राहतात. पण ‘नीट’ या शब्दात जे काय काय येते, ते दहा दिवसांत मावत नाही.

आधी नावाचा घोटाळा. गळा आवळणे म्हटले की श्वास कोंडणे डोळ्यांपुढे येते. चांगल्या चोकचा श्वासाशी संबंध नसतो. कंठमण्याच्या जरा बाहेर, मानेच्या बाजूला बोटे टेकवली तर ठोका लागतो. ती कॅरोटिड धमनी. मेंदूकडे जाणारे बहुतेक रक्त डाव्या-उजव्या अशा या दोन धमन्यांतून जाते, उरलेले मणक्यांच्या आडोशाने वर चढणाऱ्या दुसऱ्या दोन धमन्यांतून. कॅरोटिडला लागूनच मेंदूतले रक्त परत खाली आणणारी जुग्युलर शीर असते. चोक लावायचा तो या जोड्यांवर, दोन्ही बाजूंनी एकदम, आणि मधली श्वासनलिका मोकळी ठेवून. न्यायवैद्यकात एक जुना हिशेब सांगतात: जुग्युलर शीर बंद व्हायला साधारण 2 किलोचा भार पुरतो, कॅरोटिडला 5 किलोच्या आसपास, श्वासनलिकेला 15 किलो. हे आकडे फासाच्या अभ्यासातून आलेले आहेत, मॅटवर जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण त्यांतली उतरंड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या चोकला दात-ओठ खावे लागतात, तो बहुधा चुकीच्या जागी बसलेला असतो.

आता वेळ. 1943 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी तरुणांच्या मानेभोवती फुगवायचा पट्टा बांधून मेंदूचा रक्तपुरवठा थांबवला आणि घड्याळ लावले. माणसे 5 ते 11 सेकंदांत बेशुद्ध झाली. आज असला प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण मॅटवर नीट बसलेल्या चोकलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. वीस मुलांच्या वर्गात एका जोडीची पकड दुरुस्त करून प्रशिक्षकाने मान वर करेपर्यंत दहा सेकंद सहज उलटतात. त्यात आणखी फसवी गोष्ट म्हणजे हे फारसे दुखत नाही. आर्मलॉकमध्ये, म्हणजे हात उलटा ताणण्याच्या डावात, कोपर आधीच बोंब मारते, मुलगा घाबरून लगेच थाप देतो. चोकमध्ये शेवटपर्यंत ‘अजून सहन होतंय’ असे वाटत राहते. गुंगी येते, नजरेच्या कडा काळवंडतात आणि दिवा जातो. थाप मारायचा विचार सुचेपर्यंत हात उचलायची ताकद उरलेली नसते.

एकच डाव जवळून पाहू, पत्रकावरचाच. ज्युदोत त्याला हादाका-जिमे म्हणतात, जिउ-जित्सूवाल्यांच्या तोंडी तो रिअर नेकेड चोक. जपानी भाषेत हादाका म्हणजे उघडा. गीचा, म्हणजे सरावाच्या जाड जॅकेटचा, कपडा न धरता लागतो, म्हणून. 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हरमध्ये झालेल्या पहिल्या यूएफसी या एमएमए स्पर्धेची अंतिम लढत जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने मागून लावलेल्या चोकनेच जिंकली, तेव्हापासून त्याची कीर्ती रिंगणाबाहेर पसरली. लावणारा समोरच्याच्या पाठीला छाती चिकटवून बसतो आणि दोन्ही पाय पुढे घेऊन टाचा त्याच्या मांड्यांच्या आतून अडकवतो. उजवा हात खांद्यावरून हनुवटीखाली सरकतो. इथेच सगळे ठरते: कोपराचा आतला खळगा बरोबर कंठमण्यासमोर आला पाहिजे. मग गळ्याच्या एका बाजूला बेटकुळी बसते, दुसऱ्या बाजूला कोपर ते मनगट हा भाग, आणि खळग्याच्या पोकळीत श्वासनलिका सुटी राहते. उजवा पंजा स्वतःच्या डाव्या दंडावर, डावा पंजा समोरच्याच्या डोक्यामागे, आपले डोके त्याच्या डोक्याशी घट्ट. आवळताना हात मागे ओढायचे नसतात. दोन्ही कोपरे एकमेकांकडे आणायची आणि खांदे मागे घेत छाती फुगवायची. दाब आपसूक दोन्ही बाजूंनी येतो, तोही हळूहळू. सरावात तो शून्यापासून वाढवत न्यायला किमान तीन सेकंद घ्यावेत असा दंडक आम्ही पाळतो, म्हणजे खालच्याला विचार करायला सवड मिळते.

नवशिक्याचे बिघडते ते हाताच्या खोलीवर. हात पुरता आत जात नाही, खळगा कंठमण्यासमोर येण्याऐवजी मनगटाजवळचे, अंगठ्याच्या बाजूचे हाड श्वासनलिकेवर आडवे पडते. समोरच्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते, तो थाप मारतो, आणि लावणाऱ्याला वाटते चोक जमला. जमलेला नसतो, कूर्चेवर हाड दाबले गेलेले असते. कंठाची ही कूर्चा लहानपणी लवचीक असते, वय वाढेल तसा तिच्यात कॅल्शियम साठतो आणि ती कडक होत जाते, तडकू शकते. म्हणून ऑफिस सुटल्यावर संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींना ही चूक विशीतल्या पोरांपेक्षा महागात पडते. दुसरा प्रकार हनुवटी खाली दाबलेली असताना जबड्यावरूनच आवळण्याचा. त्याने रक्त अडत नाही, नुसता जबडा दुखतो आणि मान पिळली जाते. लढतीत काही जण हे मुद्दाम करतात; वर्गात याला थारा नसावा. पायांचे घोटे एकमेकांवर टाकणे ही चूक तर लावणाऱ्याच्याच अंगलट येते, कारण खालचा त्यावर आपला पाय टाकून त्याच्याच घोट्याला लॉक लावू शकतो.

आणि अर्धवट लागलेला चोक बराच वेळ ताणून धरणे. यात शिरा बंद होतात पण धमन्या चालू राहतात. रक्त वर चढते, उतरत नाही. चेहरा जांभळट होतो, पापण्यांवर आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल ठिपके उठतात. शिबिरातून घरी आलेल्या मुलाच्या डोळ्यांत असे ठिपके दिसले तर ‘उन्हाने असेल’ म्हणून सोडू नका. त्याच्या गळ्याभोवती काय आणि किती वेळ होते, ते विचारा.

गीच्या कॉलरने लावायचे चोक दिसायला सौम्य, पण नवख्याच्या हातात जास्त अवघड. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये स्थापन केलेल्या कोडोकानच्या यादीत आवळण्याचे 12 डाव आहेत. त्यांतला दो-जिमे, म्हणजे पायांच्या कात्रीत धड आवळणे, बंदी घातलेला आहे. उरलेल्यांत कॉलरचे डाव बहुसंख्य. समोरून दोन्ही हात फुलीसारखे घालून लावायच्या चोकचे तीन प्रकार निव्वळ अंगठ्यावर ठरतात: दोन्ही अंगठे कॉलरच्या आत असतील तर नामी-जुजी, दोन्ही बाहेर आणि चार बोटे आत असतील तर ग्याकू-जुजी, एक असा एक तसा असेल तर काता-जुजी. पहिला हात मानगुटीपर्यंत, पार कानामागे जाईल इतका खोल गेला नाही तर दुसऱ्या हाताने कितीही जोर लावा, कापड नुसते हनुवटीखाली घासते आणि मानेवर ओरखडे उठतात. कॉलरची मेख अशी की दाब कापडातून जातो. उघड्या हाताच्या चोकमध्ये समोरची मान सैल पडलेली आपल्या कातडीला कळते, कॉलरमध्ये ते कळायला उशीर होतो. शिवाय वळलेल्या मुठी उघडायला क्षणभर जास्त लागतो. म्हणून थाप ऐकताच आधी बोटे उघडायची, मग हात काढायचे, अशी सवय वेगळी लावून घ्यावी लागते. हात तसेच मुठीसकट उपसून काढणारा मुलगा समोरच्याची मान जाता जाता आणखी एकदा आवळून जातो.

पायांनी लावायच्या ट्रँगलमध्ये, ज्युदोच्या भाषेत सांकाकू-जिमेमध्ये, एका बाजूला मांडी असते आणि दुसऱ्या बाजूला समोरच्याचाच खांदा त्याच्या गळ्याशी दाबला जातो. नडगी मानगुटीवर आडवी हवी, आणि तिचा घोटा दुसऱ्या पायाच्या गुडघ्याच्या लवणीत अडकलेला. घाईत मुले घोट्याऐवजी पावलावर लॉक घालतात आणि आवळताना स्वतःचाच घोटा मुरगळून घेतात. नंतर कंबर बाजूला फिरवून समोरच्याचा कान दिसेल इतका कोन घ्यायचा असतो. हा कोन न घेता दोन्ही हातांनी डोके खाली ओढले की रक्ताचे काम मणक्यावर येते. लहान मुलांची मान बारीक आणि डोके त्या मानाने जड. त्यांना हे ओढणे अजिबात सोसत नाही. खालच्याने ट्रँगल लावलेला असताना वरचा त्याला उचलून उभा राहू लागला तर पाय सोडून द्यायचे, डोक्यावर आपटून घ्यायचे नाही. हेही शिकवण्यातच येते. गिलोटीन, म्हणजे समोरून मान काखेत धरून वर उचलण्याचा डाव, आमच्या मते नवख्यांच्या हातात सर्वांत वाईट. मनगटाचे हाड थेट श्वासनलिकेवर येते आणि मान पुढे वाकते, म्हणजे या खेळात टाळायच्या दोन्ही गोष्टी एका फटक्यात.

वयाबद्दल जगभरचे नियम एका दिशेला बोलतात. जपानमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या ज्युदो स्पर्धांत गळ्याचे आणि सांध्यांचे डाव दोन्ही बंद असतात; ट्रँगल तर त्यापुढच्या शालेय गटातही चालत नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना गिलोटीन, बाहीने लावायचा एझेकिएल आणि डोके ओढून लावलेला ट्रँगल चालत नाही. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या नियमांत कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, गटातला खेळाडू चोकने बेशुद्ध झाला तर त्याला पुढे खेळू देत नाहीत. मोठ्यांनाही बंधने आहेत: कंबरपट्ट्याने, जॅकेटच्या खालच्या टोकाने किंवा नुसत्या बोटांनी गळा आवळला तर पंच थांबवतात. ज्या देशात हा खेळ जन्मला तिथे जी गोष्ट प्राथमिक शाळेच्या पोरांना देत नाहीत, ती पुण्यात सहा वर्षांच्या मुलाला पाचव्या दिवशी शिकवायची घाई का, हे समजत नाही.

पुण्यात हा विषय तालमीला टाळून पुढे जात नाही. पेठांतल्या तालमींत मान कमावतात ती मानेत जोर यावा आणि ती वाकू नये म्हणून, गळा आवळून घेण्यासाठी नव्हे. मातीतल्या कुस्तीत मान धरली जाते, वळवली जाते, पण निकाल पाठ टेकल्यावर लागतो. मॅटवरच्या कुस्तीतही नुसत्या डोक्याला मिठी मारता येत नाही. डोक्याबरोबर एक हात पकडीत हवा, नाहीतर पंच शिट्टी मारतो. त्यामुळे तालमीतून ग्रॅपलिंगकडे वळलेल्या पट्ठ्याला दोन गैरसमज असतात. पहिला, आपली मान जाड आहे, आपल्याला चोक लागत नाही. स्नायूंनी वेळ थोडा वाढतो हे खरे, पण धमनीला व्यायामाने कवच येत नाही, आणि जाड मानेवर समोरचा दुप्पट जोर लावतो तो श्वासनलिकेवरही पडतो. दुसरा गैरसमज, पाठ टेकवायची नाही म्हणून पालथे पडून राहणे. कुस्तीत ती बचावाची जागा आहे. इथे तीच मागून चोक लावून घ्यायची जागा.

थाप मारणे, मॅटवरच्या बोलीत टॅप, हा खरे तर पहिला धडा. थाप समोरच्याच्या अंगावर मारायची, त्याला जाणवेल अशी, दोनदा किंवा जास्त. हात अडकले असतील तर पाय मॅटवर आपटायचा. ज्युदोत ‘माइत्ता’ म्हणायची पद्धत आहे, पण गळ्यातून आवाज फुटेलच याची खात्री नसते, म्हणून आवाजावर विसंबू नये. लावणाऱ्याचे काम त्याहून मोठे. थापेची वाट न पाहता ज्या खुणा ओळखायच्या त्या अशा: धरलेली पकड एकाएकी सैल पडते, पाय ढिले होतात, घोरल्यासारखा आवाज येतो. यांतले काहीही दिसले की सोडायचे, मग समोरचा नाटक करत असला तरी. आम्ही नवख्यांना बरेच आठवडे पकड बसवून तिथेच थांबायला लावतो. आवळायचे नाही, तीन आकडे मोजायचे आणि सोडायचे. कंटाळवाणे आहे. शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालकांना दाखवण्यासारखे त्यात काही नसते, म्हणूनच शिबिरांत ते गाळले जाते.

मुलगा बेशुद्ध झालाच तर काय करायचे, यावर दुर्दैवाने आपल्याकडे घरगुती उपायांचा सुकाळ आहे. कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे, तोंडावर पाणी मारणे, गालावर चापट्या, ओढून बसवणे, यांतले एकही करू नये. जुन्या ज्युदोतली पाठीवर थापट्या मारून शुद्धीवर आणायची पद्धतही आता सोडलेली बरी. पकड सुटली की रक्त आपोआप वर जाते आणि बहुतेक जण दहा-वीस सेकंदांत डोळे उघडतात. तेवढा वेळ त्याला मॅटवर आडवे ठेवायचे, कुशीवर वळवायचे, मान सरळ आणि श्वासाची वाट मोकळी, तोंडात दातांची पट्टी असेल तर काढायची. हातापायांना झटके येऊ शकतात, कपडे ओले होऊ शकतात. फिट आली म्हणून कुणी तोंडात चमचा घालू नये. जाग आल्यावर मुलगा गोंधळलेला असतो, कुठे आहोत ते त्याला कळत नाही, कधी हसतो. त्याला लगेच उभे करायचे नाही. अर्ध्या मिनिटात शुद्ध आली नाही तर 108, आणि श्वास चालू नसेल तर ताबडतोब सीपीआर, छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, रुग्णवाहिका येईपर्यंत.

शुद्ध आली म्हणजे संपले असे नाही. त्या दिवशी पुन्हा मॅटवर जायचे नाही, आणि स्वतः दुचाकी चालवत घरी जायचे नाही. पुण्यात हे दुसरे सांगून ऐकणारे विरळा. पुढचे काही दिवस मानेकडे लक्ष हवे, कारण दाबाने किंवा पिळवटीने धमनीचे आतले अस्तर चिरले जाऊ शकते, तिथे रक्त साकळते आणि त्याची गुठळी काही तासांनी किंवा दिवसांनीही मेंदूकडे जाऊ शकते. मानेच्या एकाच बाजूला, पूर्वी कधी झाले नव्हते असे दुखणे, एक पापणी उतरणे आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक होणे, तोंड वाकडे होणे, जीभ अडखळणे, हातातली वस्तू निसटणे, यांतले काही दिसले तर मानेला बाम चोळत बसू नये. तडक मोठ्या रुग्णालयात, आणि तिथे गळा आवळला गेला होता हे आपणहून सांगावे. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, गळ्याच्या कातडीखाली दाबल्यावर कुरकुर लागणे हे श्वासनलिकेच्या किंवा कंठाच्या इजेचे लक्षण. यात ‘उद्या बघू’ म्हणता येत नाही.

रक्तदाब, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, अपस्मार, रक्त पातळ करणारी गोळी, मानेची जुनी दुखापत किंवा शस्त्रक्रिया, यांतले काही असेल त्याने चोक लावून घेऊ नये. चाळिशीपुढच्या कुणाच्याही धमनीत थर साचलेला असू शकतो आणि बाहेरून तो दिसत नाही. अशा माणसांना आम्ही डाव शिकवतो, पण त्यांच्यावर आवळू देत नाही.

एका गोष्टीचा मात्र आम्हाला राग आहे. विद्यार्थ्याला मुद्दाम बेशुद्ध करायचे, त्याचे झटके मोबाईलवर घ्यायचे आणि जाग आल्यावर टाळ्या वाजवायच्या, असे व्हिडिओ हल्ली सर्रास फिरतात. ‘एकदा जाऊन आला की भीती मोडते’ असे त्याचे समर्थनही ऐकू येते. भीती मोडते हे खरेच आहे, आणि तिथेच घात आहे. ज्याची भीती मोडली तो थाप उशिरा मारतो. शाळेच्या मधल्या सुट्टीत कॉलर धरून एकमेकांना ‘झोपवण्याचा’ खेळ अशाच व्हिडिओंतून शिकला जातो. तिथे मॅट नसते, थाप ओळखणारा नसतो, आणि मुलगा पडतो तो सिमेंटच्या फरशीवर, डोके आधी.

मुलींच्या दोन दिवसांच्या सेल्फ डिफेन्स कार्यशाळांत चोक लावायला शिकवण्यापेक्षा सुटायला शिकवावे. मागून हात आला की पहिल्याच क्षणी हनुवटी खाली, कोपराच्या खळग्याकडे वळवून. दोन्ही हात त्याच्या एकाच हातावर, तो खाली छातीकडे ओढायला. गुडघे वाकवून अंग खाली टाकायचे आणि मग फिरायचे. त्याची बोटे उपटत बसू नये, वेळ दहा सेकंदांचाच आहे. हे दोन दिवसांत येते, निदान अंगवळणी पडायला सुरुवात होते. त्याच कार्यशाळेत आणखी एक सांगायला हवे, जे सहसा सांगितले जात नाही: घरात कुणी हातांनी गळा दाबला असेल तर मानेवर वळ नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. आतल्या इजा बाहेरून दिसतातच असे नाही.

पालकांनी क्लासची फी विचारायला जाताना वर्ग सुटायच्या वेळी नव्हे, ऐन सराव चालू असताना जावे आणि कोपऱ्यात वीस मिनिटे बसावे. थाप पडली की किती वेळात हात सुटतो, ते बघावे. क्षणभरही जास्त लागत असेल तर निघावे. प्रशिक्षक स्वतः मोबाईलवर असेल तर निघावे. कोणत्या वयापासून चोक शिकवता, हे विचारावे, आणि ‘आमच्याकडे सगळ्यांना सगळे’ असे उत्तर आले तरी निघावे. मूल बेशुद्ध पडले तर काय करता, याचे उत्तर वर्गातल्या मोठ्या विद्यार्थ्याला विचारावे, प्रशिक्षकाला नाही. आणि घरी आल्यावर मुलाला सांगावे की तुझी थाप माझ्या हातावर मारून दाखव. नुसते बोट टेकवले, तर त्याला अजून कुणी शिकवलेले नाही.

आपले,
ज्युदो व ग्रॅपलिंगचे काही प्रशिक्षक, पुणे